हिरवा लेझर घ्यायचा, पण किती मिलिवॅटचा?

प्रश्न : ताई, मी एअरसॉफ्ट खेळतो, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या गोळ्या मारणाऱ्या नकली बंदुकांचा खेळ. माझ्याकडे बॅटरीवर चालणारी रायफल आहे. संघातल्या दोघांनी लाल लेझर लावलेत, पण दिवसा ठिपका कुठे पडलाय तेच दिसत नाही, म्हणून मला हिरवा घ्यायचाय. शोधायला बसलो आणि डोकं चक्रावलं. एकावर '५ मिलिवॅट', दुसऱ्यावर '५०', तिसऱ्यावर '१००', आणि किमतीत फारसा फरक नाही. काहींवर ५३२ नॅनोमीटर लिहिलंय, काहींवर ५२०. मित्रांचं म्हणणं, तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा मिळतोय तर तोच घे, नाहीतरी खेळताना सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल असतोच. कुठला घेऊ? आणि बंदुकीच्या कुठल्या बाजूला लावू? — एक वाचक

उत्तर : नॅनोमीटरचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, मिलिवॅटचा त्याची ताकद. ५२० नॅनोमीटरचा, थेट हिरवा प्रकाश देणाऱ्या डायोडचा, आणि वर्ग २ मधला, म्हणजे १ मिलिवॅटच्या आतला घ्या. ५० आणि १०० मिलिवॅटचे लेझर माणसं समोर असलेल्या कुठल्याही खेळात नकोत. मित्रांना हे पटणार नाही, म्हणून कारणं जरा तपशिलात सांगते. माझं निम्मं आयुष्य प्रकाशयंत्रं जुळवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलंय, आणि या एका बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

आधी हिरवाच का, ते बघू. आपला डोळा सगळ्या रंगांना सारखी दाद देत नाही. उजेडात त्याची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असते, आणि तो हिरवाच भाग आहे. ती १०० धरली तर ५३२ ला साधारण ८८ येते, ५२० ला ७१, ६३५ च्या लालला २२ आणि ६५० च्या लालला जेमतेम ११. तुमच्या संघातले लाल लेझर बहुधा ६५० चे असणार, स्वस्तात तेच मिळतात. म्हणजे तेवढ्याच मिलिवॅटला ५२० चा हिरवा ठिपका त्यांच्यापेक्षा साडेसहापट उजळ दिसतो. दुसऱ्या बाजूने हिशेब करा : १ मिलिवॅटचा हिरवा हा साडेसहा मिलिवॅटच्या लालइतका दिसतो. हिरव्याचा खरा फायदा हा आहे. कमी ताकदीत भागतं. हा फायदा हातात असताना ताकद पन्नासपट वाढवायची, तर मग हिरवा घेऊन मिळवलं काय?

आता डोळ्याचं. लेझरचे वर्ग आंतरराष्ट्रीय मानकानं ठरवलेत आणि त्या मानकाचा क्रमांक आहे आयईसी ६०८२५-१. दिसणाऱ्या प्रकाशाच्या अखंड झोतासाठी वर्ग २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत, ३आर म्हणजे ५ पर्यंत, ३बी म्हणजे ५०० पर्यंत. वर्ग २ चा सगळा भरवसा एका गोष्टीवर आहे. झगझगीत प्रकाश डोळ्यात गेला की माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान फिरवतो, आणि तेवढ्या वेळात १ मिलिवॅटनं इजा होत नाही. ३बी मध्ये हा पाव सेकंदही पुरत नाही. पापणी हलायच्या आत पडद्यावर डाग पडलेला असतो, आणि दृष्टिपटलाचा जळलेला भाग पुन्हा उगवत नाही.

अंतराचा आकडा तर प्रत्येक खेळाडूनं पाठ करावा. झोत दर मीटरला एक मिलिमीटर पसरतो असं धरलं, आणि चांगल्या लेझरचा तो साधारण तेवढाच पसरतो, तर पाव सेकंदाच्या हिशेबानं ५ मिलिवॅटचा लेझर सुमारे १६ मीटरनंतर सुरक्षित मर्यादेत येतो. ५० चा पन्नास मीटरनंतर, १०० चा सत्तर मीटरच्या पुढे. तुमची गोळी नेमानं जाते किती? चाळीस-पन्नास मीटर, तीही बंदूक नीट लावलेली असेल तर. म्हणजे ५० मिलिवॅटचा लेझर लावला की तुमच्या माऱ्याच्या टप्प्यातला प्रत्येक माणूस धोक्याच्या पट्ट्यात आला. आणि खेळात बंदूक रोखली जाते ती माणसावर, आडोशाआडून बाहेर काय निघतं? डोकं.

गॉगलबद्दलचा गैरसमज तर मला सर्वांत जास्त घाबरवतो. एअरसॉफ्टचा गॉगल पॉलिकार्बोनेटचा असतो. तो गोळीचा आघात अडवतो, त्यासाठीच तो तपासलेला असतो. हिरव्या प्रकाशासाठी मात्र ती स्वच्छ काच आहे, किरण आरपार जातो. लेझर अडवणारे चष्मे वेगळे मिळतात, पण ते हिरवा शोषून घेतात, म्हणजे ते घातले तर तुम्हाला तुमचाच ठिपका दिसणार नाही. खेळात त्यांचा उपयोग शून्य. त्यातून समोरचा खेळाडू मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तुमच्याकडे बघत असेल, तर तिची रुंद काच बाहुलीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश गोळा करून त्याच्या डोळ्यात सोडते. वर दिलेली अंतरं तेव्हा लागू पडत नाहीत.

हा खेळ जिथे १९७० च्या दशकात आकाराला आला त्या जपानमध्ये हातातल्या लेझर पॉइंटरना २००१ पासून वर्ग २ ची मर्यादा आहे, आणि तिथे खेळ बंद पडला नाही, लोक मजेत खेळतात.

५३२ की ५२०, हा तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नुसत्या उजेडाच्या आकड्यावर बघाल तर ५३२ पुढे आहे. पण तो हिरवा सरळ तयार होत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर असा लेझर उघडला की पितळी नळीच्या तळाशी एक डायोड दिसतो. तो ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो, जो आपल्याला दिसत नाही. त्याच्यापुढे तांदळाच्या कणीएवढे दोन स्फटिक चिकटवलेले असतात. पहिला ८०८ चं १०६४ करतो, तेही अवरक्तच. दुसरा १०६४ ची तरंगलांबी निम्मी करतो आणि ५३२ चा हिरवा बाहेर पडतो. या रूपांतरात सगळा अवरक्त संपत नाही, बराचसा उरतो आणि हिरव्याच्याच वाटेनं पुढे निघतो. त्याला अडवायला भिंगाच्या अलीकडे पातळ काचेचा एक फिल्टर लागतो, नखाएवढासुद्धा नसतो तो. स्वस्त मालात खर्च वाचवायचा तर सगळ्यात आधी हाच गळतो, कारण तो नसला तरी ठिपका तसाच हिरवा दिसतो आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मी फिल्टरची खाच असलेली आणि खाच रिकामी असलेली नळी पाहिली आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेनं २०१० मध्ये अशाच एका लेझरची मोजणी प्रसिद्ध केली होती. १० मिलिवॅटचा म्हणून विकलेला, हिरवा प्रकाश मंद, आणि सोबत जवळजवळ २० मिलिवॅट अवरक्त. विचार करा, ठिपका फिका दिसतोय म्हणून माणूस निर्धास्त होणार, आणि अवरक्ताला पापणी मिटतच नाही, कारण डोळ्याला ते दिसत नाही. त्याच संस्थेनं २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. त्यातले सुमारे ९० टक्के हिरवे आणि ४४ टक्के लाल सुरक्षिततेच्या नियमात बसले नाहीत. म्हणून '५ मिलिवॅटपेक्षा कमी' असा पिवळा कागद डकवलेला आहे, एवढ्यावर विसंबू नका. वर्ग, तरंगलांबी, कमाल शक्ती आणि मानकाचा क्रमांक हे चारही छापलेले असावेत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असावा आणि सोबत माहितीपत्रक असावं. '१०० मिलिवॅट, वर्ग ३आर' असं एकाच डबीवर दिसलं तर ती डबी तिथेच ठेवून या. ते दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही.

५२० च्या डायोडमधून हिरवाच प्रकाश निघतो. मधे स्फटिक नाही, उरलेला अवरक्त नाही, फिल्टरची भानगड नाही. उजेडाचं थोडं नुकसान सोसून हे मिळत असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन. पाकिटावर ५१५ किंवा ५१० लिहिलेलं असेल तरी जात तीच.

आता भर उन्हाचं. हे ऐकून तुमचा हिरमोड होईल. दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. १ मिलिवॅटचा हिरवा ठिपका वीस मीटरवर साधारण दोन सेंटिमीटरचा होतो आणि तेवढ्या जागेत दीड-दोन हजार लक्सची भर घालतो. एक लाखात दोन हजार, डोळ्याला पत्ता लागत नाही. ५ मिलिवॅटचा लावलात तरी दहा टक्क्यांच्या आतबाहेर. ठळक दिसायला हवा तर पुन्हा पन्नास मिलिवॅटच्या गावाला जावं लागतं, आणि तिथे का जायचं नाही ते वर सांगितलं. ढगाळ दिवसाला, झाडीच्या दाट सावलीत, इमारतीच्या आत, संध्याकाळी मात्र हाच १ मिलिवॅट छान उठून दिसतो. खोलीत पाचशे लक्स असतील तर ठिपका त्यांच्या तिप्पट-चौपट उजळ. तुमचा खेळ बहुतेक उघड्यावर आणि भरदुपारी होत असेल, तर लेझर घेऊच नका, रेड डॉट घ्या, म्हणजे बंदुकीवर बसवायची, काचेत लाल ठिपका दाखवणारी नेमदर्शी. त्याचा ठिपका काचेत तुम्हालाच दिसतो, पुढे कुणाच्या डोळ्यावर काही जात नाही, आणि उन्हात त्याचा उजेड वाढवता येतो.

कुठे लावायचा : बंदुकीच्या नळीच्या बरोबर खाली किंवा बरोबर वर, बाजूला शक्यतो नको. लेझर नळीपासून चार सेंटिमीटर उजवीकडे बसवला आणि वीस मीटरवर जुळवला, तर दहा मीटरवर ठिपका दोन सेंटिमीटर उजवीकडे राहतो आणि चाळीस मीटरवर चार सेंटिमीटर डावीकडे जातो. खाली बसवला की डावं-उजवं कायम बरोबर राहतं आणि चूक फक्त वर-खाली उरते. तशीही गोळी वर-खाली होतच असते. खरं म्हणजे हे दोन-चार सेंटिमीटर गोळ्यांच्या विखुरण्यातच बुडून जातात, तरी मी खालची जागा सांगते, कारण एक चूक डोक्यात ठेवणं सोपं जातं. बहुतेक रायफलींना २० मिलिमीटरची खाचांची पट्टी असते, पिकॅटिनी म्हणतात तिला. लेझरची पकड त्याच मापाची आहे ना, आणि तिचा आडवा दांडा खाचेत बसतोय ना, एवढं पाहा. नुसता दाबून बसवलेला दर धक्क्याला सरकतो.

जुळवणीत बहुतेकांचा क्रम उलटा असतो. लेझर आणल्या आणल्या तो जुळवतात, आणि मग हॉप-अपला हात लावतात. गोळीला मागच्या बाजूनं फिरकी देणारं ते रबर, त्या फिरकीवरच गोळी किती सपाट आणि किती लांब जाणार हे ठरतं. तेव्हा आधी एकाच वजनाच्या गोळ्या ठरवा. ०.२० ग्रॅम की ०.२५ की ०.२८, जी ठरवाल तिच्यावर हॉप-अप लावा, जोवर गोळी शेवटपर्यंत सपाट जाऊन मग खाली झुकत नाही. वजन बदललं की हॉप-अप बदलतो आणि लेझरही पुन्हा जुळवावा लागतो. हे झालं की वारा पडलेला असताना, बंदूक पिशवीवर टेकवून, वीस-पंचवीस मीटरवरच्या पुठ्ठ्यावर दहा गोळ्या मारा. एकेका गोळीच्या मागे लागू नका, भोकांच्या घोळक्याचा मध्य बघा आणि ठिपका त्या मध्यावर आणा. वरचा स्क्रू वर-खाली, बाजूचा डावीकडे-उजवीकडे. ॲलन किल्ली अगदी थोडी थोडी फिरवा, आणि प्रत्येक फेरफारानंतर बंदूक हलकेच आपटून ठिपका जागचा हलत नाही ना ते पाहा. स्वस्त लेझरमध्ये स्क्रूच्या समोरची स्प्रिंग ढिली असते. तसं असेल तर कितीही जुळवा, पुढच्या खेळात ठिपका भलतीकडेच. नळीत घालायचे जुळवणीचे लेझर मिळतात, ते इथे वापरू नका. त्यांचा दांडा हॉप-अपच्या रबराला चिरतो, आणि त्यांच्यातून किरण सरळ दिसला तरी तुमची गोळी कुठे जाते ते त्यांना ठाऊक नसतं.

बटण दाबून धरेपर्यंतच पेटणारं घ्या, एकदा दाबलं की चालू राहणारं नको. वायरच्या टोकाला दाबपट्टी असते ती डाव्या हाताच्या अंगठ्याखाली बसवा. अंधारात आणि धुळीत हिरव्या किरणाची पूर्ण रेघ दिसते, आणि ती रेघ दोन्ही टोकांनी वाचता येते. चालू ठेवलात तर समोरच्याला तुमची जागा शोधायची गरजच उरत नाही. आणि घेण्याआधी तुम्ही जिथे खेळता त्या मैदानाच्या संयोजकांना विचारा. कित्येक मैदानांवर लेझरला सरसकट बंदी आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

प्रश्न : माझा ५३२ चा हिरवा लेझर घरात मस्त चालतो. थंडीत पहाटे बाहेर नेला की आधी फिका पडतो, मग कधी कधी पेटतच नाही. बॅटरी नवी आहे. बिघडलाय का? — एक वाचक

उत्तर : बिघडलेला नाही. वर सांगितलेले ते दोन स्फटिक आणि ८०८ चा डायोड ठरावीक तापमानाला जुळवलेले असतात. गारठ्यात डायोडची तरंगलांबी सरकते, पहिला स्फटिक तो प्रकाश नीट शोषत नाही आणि हिरवा मावळतो. दहा अंशांच्या खाली हे सर्रास होतं. लेझर खिशात अंगाशी ठेवा आणि खेळ सुरू होताना बसवा, तेवढ्यानं भागतं. मात्र फिका पडला म्हणून आत डोकावून बघू नका. हिरवा कमी झाला म्हणजे अवरक्तही कमी झाला असं नाही, उलट न वापरलेला अवरक्त त्या वेळी जास्त असू शकतो. नवा घ्याल तेव्हा ५२० चा घ्या. तो थंडीला इतका कच खात नाही.

प्रश्न : ताई, माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या मावसभावानं एअरसॉफ्टचं पिस्तूल दिलंय, त्याला खाली हिरवा लेझर आहे. पिस्तूल आम्ही कपाटात ठेवतो, पण लेझर काढून तो गच्चीवर खेळत असतो. लांबच्या झाडांवर, टाकीवर मारतो. त्यात काही धोका आहे का? — एक आई

उत्तर : आहे, आणि पिस्तुलाइतकाच लेझरही कपाटात जायला हवा. गच्चीवरून मारलेला झोत झाडापाशी थांबत नाही. ५ मिलिवॅटचा हिरवा लेझर रात्री तीन किलोमीटरहून लांबच्या वैमानिकाचं लक्ष विचलित करू शकतो. विमान उतरत असताना अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो झळकला तर समोरची काच पूर्ण हिरवी होते. अमेरिकेत २०१२ पासून विमानावर लेझर रोखणं हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, ब्रिटननं २०१८ मध्ये विमानांबरोबर इतर वाहनांसाठीही कायदा केला. रस्त्यावरच्या दुचाकीवाल्याचंही तेच.

मुलाला रागावण्याआधी लेझर हातात घ्या आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. वर्ग २ असेल तर तो तुमच्या देखत, पाठीमागे भिंत असलेल्या लक्ष्यावर वापरू द्यायला हरकत नाही. खोलीतला आरसा, काचेचं कपाट, स्टीलची भांडी यांच्यावर मात्र नाही, तिथून किरण परत फिरतो. ३बी लिहिलेलं असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल तर त्यातली बॅटरी काढा आणि तो परत देऊ नका. आणि एक गोष्ट त्याला आजच विचारा : कुणाच्या डोळ्यात मारून बघितलंय का, किंवा स्वतःच आत बघितलंय का? मुलं विचारल्याशिवाय सांगत नाहीत. नजरेसमोर न हलणारा डाग राहिला असेल, वाचताना मधलं अक्षर गायब होत असेल, सरळ रेघ वाकडी दिसत असेल, तर चष्म्याच्या दुकानात न जाता दृष्टिपटलाच्या डॉक्टरांकडे न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, दृष्टिपटलाला वेदना कळत नाही.

प्रश्न : हिरव्या लेझरमध्ये अवरक्त गळतंय का, हे घरी कळतं का? — एक वाचक

उत्तर : ढोबळमानानं कळतं. वर ज्या संस्थेचा उल्लेख आला तिनंच घरगुती चाचणी सुचवली आहे. जुनी सीडी, साधा वेबकॅम आणि टीव्हीचा रिमोट लागतो. रिमोटचं बटण दाबून वेबकॅमसमोर धरा. त्याचा दिवा पडद्यावर चमकला तर कॅमेऱ्याला अवरक्त दिसतं. मग लेझर घट्ट बसवा, किरण सीडीच्या चकचकीत बाजूवर सोडा आणि तिथून विखुरलेले ठिपके कागदावर पडू द्या. कागदाकडे आधी डोळ्यांनी बघा, मग कॅमेऱ्यातून. डोळ्याला न दिसलेला एखादा जास्तीचा ठिपका कॅमेऱ्यात आला, तर फिल्टर नाही किंवा कुचकामी आहे. हे करताना सीडीकडे थेट बघायचं नाही, तोंड कागदाकडे ठेवायचं, आणि खोलीत दुसरं कुणी नको. ठिपका आला नाही तरी लेझर निर्दोष आहे असा दाखला मिळत नाही, कारण कित्येक वेबकॅम १०६४ च्या बाबतीत जवळजवळ आंधळे असतात. आला तर मात्र तो लेझर वापरातून काढा.